इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही

स्कूटरच्या स्पेअर पार्टच्या कुठल्याही जुन्या दुकानात जा, काउंटरच्या वर, देवाच्या फोटोच्या आसपास, एक पाटी दिसेलच : ‘इलेक्ट्रिकल माल बदलून अथवा परत घेतला जाणार नाही.’ कराडला आमच्या दुकानातही ती होती. अक्षरं लाल, पाटी माझ्या जन्माच्या आधीची. लहानपणी मला वाटायचं, ही दुकानदारांची सोय आहे. गिऱ्हाईक भांडायला आलं की अण्णा काही न बोलता बोट वर करायचे.

पण पाटीमागे कारण आहे, आणि ते खोटं नाही. क्लच प्लेट परत आली तर ती वापरली आहे की नाही हे बघून कळतं. केबल परत आली तर ताणली गेलीय का दिसतं. सीडीआयची डबी परत आली तर काहीच दिसत नाही. नवी डबी आणि मेलेली डबी, दोन्ही सारख्याच. गिऱ्हाईक म्हणतं डबीच खराब होती. दुकानदार म्हणतो तुझ्या गाडीच्या वायरिंगने ती जाळली. दोघंही खरं बोलत असू शकतात आणि डबी तोंड उघडत नाही. मग पाटी.

ज्यांनी फक्त बटणवाल्या गाड्या चालवल्यात त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं या डबीभोवतीच आहे.

पेट्रोल इंजिनाला वेळेवर ठिणगी लागते. जुन्या स्कूटरमध्ये ती प्लॅटिनम पॉइंटने मिळायची. आमच्याकडचे मिस्त्री नुसतं ‘प्लॅटिनम’ म्हणतात. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला ते ‘मॅग्नेट’ म्हणतात, त्याच्या आत दोन छोटे धातूचे ओठ. फेऱ्यागणिक एक उंचवटा त्यांना उघडतो, प्रवाह तुटतो, आणि कॉइलमधून प्लगला झटका बसतो. ओठांमधली फट सुमारे ०.४ मिलिमीटर. ओठ जळायचे, झिजायचे, त्यांवर काजळी धरायची. मग मिस्त्री मॅग्नेटच्या खिडकीतून पॉलिश पेपर घालून ते घासायचे आणि फिलर गेजने फट लावायचे. कटकट होती, पण नजरेसमोरची कटकट होती. काय बिघडलंय ते शाळकरी पोरालाही दाखवता यायचं. (स्कूटर आडवी करून मग किक मारायची ती प्रसिद्ध पद्धत पेट्रोलसाठी. ठिणगीशी तिचा काही संबंध नव्हता, तरी लोक प्रत्येक आजारावर तेच औषध द्यायचे.)

सीडीआय म्हणजे कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन. यात घासणारं काही नाही. मॅग्नेट फिरलं की चार्जिंग कॉइल डबीतल्या कपॅसिटरला काही शे व्होल्टपर्यंत भरते. पिकअप कॉइल ‘आता’ असा इशारा देते. एससीआर नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच उघडतो, कपॅसिटर एका दमात रिकामा होतो, आणि एचटी कॉइल त्या झटक्याचे हजारो व्होल्ट करून प्लगला देते. टू-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला एक ठिणगी. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला ५०. वेस्पा पीएक्समध्ये तर एचटी कॉइलही त्याच डबीत बसवलेली, प्लगची जाड वायर थेट तिच्यातूनच निघते. धूळ, पाणी, थरथर आत जाऊ नये म्हणून सगळं राळेत ओतून बंद केलेलं. नीट बनवलेली डबी वीस-पंचवीस वर्षं सहज चालते. पण एकदा गेली की गेली. उघडून दुरुस्त करायची सोयच नाही. पाहणं संपलं आणि विश्वास ठेवणं सुरू झालं.

हे तंत्र स्कूटरमध्ये आलं त्याला आता पन्नास वर्षं उलटली. १९७२ च्या वेस्पा रॅली २०० मध्ये फेम्सा या स्पॅनिश कंपनीचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन होतं, त्याला ‘फेम्साट्रॉनिक’ म्हणत. पुढे पी२००ई आली; त्यातला ‘ई’ इलेक्ट्रॉनिकचा. त्याच १९७२ साली आपल्याकडे चेतक आली ती मात्र प्लॅटिनमवर, आणि बऱ्याच वर्षांनी तिच्या अंगावर ‘इलेक्ट्रॉनिक’ हा बिल्ला लागला. तो बिल्ला लोक कौतुकाने पुसायचे. आमच्या मिस्त्रीकाकांना मात्र तो कधी आवडला नाही. म्हणायचे, “आधी गाडी बिघडली की मी शोधायचो. आता अण्णांकडनं डबी आणतो आणि देवाला हात जोडतो.”

त्या फेम्साट्रॉनिकची पुढची गोष्ट फार बोलकी आहे. आज युरोपात ज्यांच्याकडे रॅली २०० आहे त्यांच्यासाठी तो मूळ भाग दुर्मीळ आणि महाग झालाय. त्यामुळे पुष्कळ मालक पुढच्या काळातली डुकाटीची इग्निशन व्यवस्था तिच्यात बसवून गाडी चालवतात. गाडी अस्सल ठेवायची की चालती ठेवायची, यातलं एक निवडावं लागतं. रंग, मोनोग्राम, सीटची शिलाई, सगळं मूळ बरहुकूम करणारा माणूससुद्धा या एका जागी येऊन तडजोड करतो. बाहेरून दिसतही नाही.

कराडमध्ये हौशी मालक कोणी नव्हते. आमच्याकडे येणाऱ्यांची चेतक जुनी होती कारण नवी गाडी परवडत नव्हती, किंवा त्यांना तीच हवी होती. बजाजने स्कूटर बनवणं पूर्ण बंद करणार असल्याचं २००९ च्या डिसेंबरमध्ये जाहीर केलं, पण रस्त्यावरच्या गाड्यांना ते कोण सांगणार? त्या चालतच राहिल्या. गाडी बनायची थांबते तेव्हा सुट्या भागांचा बाजार संपत नाही, त्याची जात बदलते. कंपनीच्या खोक्यातला माल हळूहळू कमी होतो, आणि ती जागा भरायला बाकीचे येतात.

इथे ‘ओरिजिनल’ या शब्दाची गंमत सांगायला हवी. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, “ओरिजिनल द्या.” म्हणजे नेमकं काय? गाड्यांच्या कंपन्या इलेक्ट्रिकल भाग बहुतेक वेळा स्वतः बनवत नाहीत, दुसऱ्या कारखान्यांकडून घेतात. तोच भाग गाडीच्या कंपनीच्या खोक्यात एका किमतीला मिळतो आणि बनवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यात थोडा स्वस्त. दोन्ही अस्सल. मग येतो तिसऱ्याच कारखान्याचा माल, स्वतःच्या नावाने उघडपणे विकलेला. त्याला बाजारात ‘लोकल’ म्हणतात. त्यात उत्तम असतो तसा भंगारही असतो, पण तो कोणाचं नाव चोरत नाही. आणि शेवटी ‘डुप्लिकेट’ : दुसऱ्याचं नाव, दुसऱ्याचं खोकं, हुबेहूब होलोग्राम. ट्रेडमार्क कायद्यात या शेवटच्या प्रकाराला तुरुंगवास आहे. अण्णांचं म्हणणं, गिऱ्हाइकाला या चारांतला फरक सांगायला बसलं तर दिवसाला दोनच गिऱ्हाइकं होतील. तरी ते सांगायचे. “ओरिजिनल पाहिजे का टिकाऊ पाहिजे?” असं विचारायचे, आणि गिऱ्हाईक गोंधळलं की हसायचे.

२०१२ साली एका ठोक व्यापाऱ्याकडून त्यांनी चेतकच्या २४ डब्या घेतल्या. ओळखीच्या नावाचं खोकं, सील नीट, बिल पक्कं. त्यातल्या पाच विकल्या गेल्या. तीन परत आल्या.

दोघांनी पाटी बघितली, चार शब्द सुनावले आणि गेले. तिसरे होते एक निवृत्त सर. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी झालेली, कराडपासून चौदा किलोमीटरवर गाव. काकूंना आठवड्यातून दोनदा डायलिसिस. चेतकवरून दोघं यायचे, कारण एसटीच्या पायऱ्या काकूंना चढवत नव्हत्या आणि चेतकच्या रुंद सीटवर त्यांना निवांत बसता यायचं. नव्या गाडीचं लोक सुचवायचेच. सर म्हणायचे, पैसे कुठं चाललेत ते तुम्हाला माहीत आहे.

नवी डबी बसवल्यावर गाडी चार दिवस छान चालली. पाचव्या दिवशी आठ-नऊ किलोमीटरवर बंद. थांबले, अर्ध्या तासाने चालू झाली, परत दोन किलोमीटरवर बंद. मार्चचं ऊन. शेवटी दुधाच्या टेम्पोतून दोघं दवाखान्यात पोचले. मशीनवरचे चार तास त्या दिवशी तीनच मिळाले, कारण पुढचा पेशंट थांबलेला.

दुसऱ्या दिवशी सर दुकानात आले. मिस्त्रीकाकांनी काढून दिलेली डबी त्यांनी रुमालात गुंडाळून आणली होती. काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, “परत करायला नाही आणली. पाटी वाचलीय मी. तुम्हाला दाखवायला आणली.”

अण्णांनी वर बोट केलं नाही. फळीवर १९ डब्या होत्या, सगळ्या त्याच खोक्यातल्या. त्यांनी हात तिकडे नेला आणि मागे घेतला. मग पाना घेऊन दुकानाबाहेर गेले, आमच्या स्वतःच्या चेतकची डबी उतरवली आणि सरांच्या हातात दिली. “ही बसवून घ्या. हिला मी चौदा वर्षं ओळखतो.” पैसे घेतले नाहीत. पुढचे काही आठवडे आम्ही घरी चालत गेलो.

मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. रात्री जेवताना अण्णा म्हणाले, “तू शिकतेस ना हेच? यातली चांगली कुठली ते सांग की.”

मल्टिमीटरने कॉइल तपासता येते, डबी नाही. पीएक्ससारख्या वेस्पाच्या पिकअप कॉइलचा रोध शंभरेक ओहम आणि चार्जिंग कॉइलचा पाचशेच्या आसपास यावा लागतो. एवढं मोजून कॉइल जिवंत की मेलेली ते कळतं. डबी मात्र कामाला लावल्याशिवाय कळत नाही. म्हणूनच प्रत्येक गॅरेजमध्ये एक जुनाट, ग्रीसने माखलेली ‘चेकिंगची डबी’ असते, खात्रीची. गाडी बंद पडली की आधी ती लावून बघतात. ठिणगी आली तर गाडीची डबी गेलेली, नाही आली तर दोष कॉइलमध्ये किंवा वायरींमध्ये. आमच्या मिस्त्रीकाकांच्या चेकिंगच्या डबीवरचं नाव कधीच पुसलं गेलंय. ती कोणाची, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. आणि अख्ख्या गल्लीत तिच्याएवढा भरवसा दुसऱ्या कशावर नाही.

मी आधी मेलेली एक डबी हॅकसॉने कापली. राळ विस्तवाने वितळत नाही, तापवली की थोडी मऊ पडते, मग टोकदार पेचकसने कण कण काढावी लागते. तीन संध्याकाळी गेल्या. आत राळेत हवेचे फुगे होते, हरभऱ्याच्या डाळीएवढे. एका टाक्याचं सोल्डर सुईच्या टोकाएवढं तडकलेलं. डबी बसते इंजिनाजवळ. तापली की सगळं प्रसरण पावतं, तडा उघडतो, ठिणगी बंद. थंड झाली की तडा मिटतो, गाडी चालू. सरांना रस्त्यात जे झालं ते हेच. हा आजार मिस्त्रींना फार छळतो, कारण गाडी गॅरेजपर्यंत ढकलत आणेस्तोवर ती बरी झालेली असते. मग बिचारा कार्बोरेटर साफ होतो.

मग आम्ही एक यंत्र केलं. मिस्त्रीकाकांनी भंगारातलं चेतकचं अर्धं इंजिन दिलं, पिस्टन नसलेलं. मॅग्नेट आणि कॉइल शाबूत. जुन्या पिठाच्या गिरणीची १४४० फेऱ्यांची मोटर, पट्टा, आणि दुप्पट वेगासाठी लहान पुली. ठिणगी उडी मारायला दोन खिळे, मध्ये सहा मिलिमीटर. डबी ठेवायला पत्र्याचा बिस्किटाचा डबा आणि आत १०० वॅटचा बल्ब. तापमान सत्तरच्या पुढे गेलं की बल्ब बंद करायचा, हे काम आईकडे. प्रत्येक डबी चाळीस मिनिटं. माडीवर रात्री अकरापर्यंत तो तडतड आवाज चालायचा. शेजारच्या काकू एकदा विचारायला आल्या, तुम्ही फुटाणे भाजता का.

१९ पैकी दोन सुरूच झाल्या नाहीत. सहा गरम झाल्यावर गप्प झाल्या, एक तर एकोणचाळिसाव्या मिनिटाला. अकरा शेवटपर्यंत चालल्या.

अण्णांकडे कंपनीच्या खोक्यातल्या, जुन्या साठ्यातल्या दोन अस्सल डब्याही उरल्या होत्या. मी त्याही लावल्या. एक चालली. दुसरी पंचविसाव्या मिनिटाला बंद.

हे मला अजून विचारात पाडतं. खोट्या डब्यांपैकी निम्म्याहून जास्त चालल्या आणि खऱ्यांपैकी एक मेली. मी अण्णांना म्हटलं, या अकरा विकू. तपासलेल्या आहेत, बाजारातल्या कुठल्याही डबीपेक्षा यांच्याबद्दल आपल्याला जास्त माहिती आहे. किंमत कमी लावू, खरं सांगून देऊ.

अण्णा म्हणाले, “चाळीस मिनिटं चालली एवढं कळलं. पावसाळ्याचं काय? खड्ड्यांचं काय?” मी म्हटलं, ते तर खऱ्या डबीबद्दलही माहीत नसतं. ते म्हणाले, “नसतं. पण ती गेली तर कुणाचा गळा धरायचा ते खोक्यावर लिहिलेलं असतं. हिच्यावर ज्याचं नाव आहे त्यानं ही बनवलीच नाही. मग मी कुणाचं नाव घेऊन विकू?”

तेव्हा मला हा हट्ट वाटला. नंतर एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी केली, तेव्हा त्यांचं म्हणणं दुसऱ्या बाजूने समजलं. नाव लावून माल बनवणारा चुकतो, पण त्याची चूक मोजता येते. कुठल्या दिवशी, कुठल्या बॅचमध्ये काय ओतलं याची नोंद असते, आणि पुढची डबी याच डबीसारखी असण्याची शक्यता असते. आमच्या त्या १९ मध्ये मी नंतर आणखी तीन कापल्या. तिन्हींत कपॅसिटर वेगवेगळे निघाले. जो दिवसाच्या बाजारात स्वस्त मिळाला तो घातलेला. अशा मालात अकरा चांगल्या निघाल्या याचा बाराव्याला काही उपयोग नसतो.

हेही सांगायला हवं की परत येणारी प्रत्येक डबी दोषी नसते. जुन्या चेतकच्या कॉइल प्लेटवरच्या वायरींचं आवरण उष्णतेने आणि ऑइलने कडक होतं, हात लावला की तुकडे पडतात. तिथे शॉर्ट होत असेल तर नवी डबी बसवणाऱ्याला ठिणगी कशी मिळणार? अर्थिंग गंजलेलं असतं. काहीजण प्लगची वायर काढून हवेत लोंबकळत ठेवतात आणि किक मारून बघतात. त्या हजारो व्होल्टना बाहेर वाट मिळाली नाही की ते डबीच्या आतच वाट शोधतात. प्लग बाहेर काढून इंजिनाला टेकवून मगच किक मारावी, एवढी साधी गोष्ट. पाटी लावणाऱ्या दुकानदाराचा राग येण्याआधी एवढं तपासून घ्यावं असं मला, दुकानदाराची मुलगी म्हणून, वाटतं.

ठोक व्यापाऱ्याकडे अण्णा स्वतः गेले. डब्या, बिल, माझं वहीत लिहिलेलं मिनिटांचं कोष्टक, सगळं घेऊन. त्याच्याही काउंटरवर तीच पाटी होती. त्याने चहा पाजला आणि पाटीकडे बोट केलं. बहुधा त्यालाही कोणीतरी तसंच दाखवलं असणार. त्या डब्या आम्ही पोत्यात बांधून माळ्यावर टाकल्या. २४ डब्यांचे पैसे आमच्यासाठी तेव्हा थोडे नव्हते; माझी त्या सत्राची फी उशिरा भरली गेली. पलीकडच्या गल्लीत त्याच खोक्यातला माल विकला जात राहिला, आणि आमच्यापेक्षा स्वस्त.

सर पुढची दोन वर्षं त्याच डबीवर येत-जात होते. काकू गेल्या त्यानंतर त्यांनी गाडी विकली नाही, पण बाहेरही काढली नाही. डबी मात्र उतरवून आणून दिली. ती आता आमच्या गाडीला परत बसलेली आहे.

२०२० मध्ये चेतक हे नाव बाजारात परत आलं, पण विजेवर. तिला ना प्लग, ना ठिणगी. दुकानात पोरं येऊन तिचे पार्ट विचारतात आणि अण्णा त्यांना शोरूमला पाठवतात. जुन्या चेतकचं गिऱ्हाईक मात्र वाढलंय. पुण्या-मुंबईहून गाड्या शोधत येणारी, रंग मूळचाच हवा म्हणणारी मुलं. ती खोक्याचे फोटो काढतात, होलोग्राम मोबाइलवर मोठा करून बघतात. अण्णा त्यांना चाळीस मिनिटं बसवून ठेवतात. गिरणीची मोटर अजून आहे. १०० वॅटचे जुने बल्ब आता सहज मिळत नाहीत, त्यामुळे आई ते जपून वापरते. चाळीस मिनिटं पार झालेल्या डबीवर अण्णा मार्करने तारीख आणि सही करतात, आणि ती डबी सहा महिन्यांत गेली तर बदलून देतात. पाटीखाली तसा कागद चिकटवलाय. यात नफा किती होतो हे मी विचारत नाही.

मी पुण्यात राहते, त्यामुळे माल आणायचं काम माझ्याकडे. महिन्यातून एकदा नाना पेठेत जाते, बनवणाऱ्याच्याच नावाच्या खोक्यातल्या पाच-सहा डब्या पक्क्या बिलावर घेते आणि शनिवारच्या एसटीने कराड गाठते. गेल्या खेपेला पाच नेल्या होत्या. सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघत होते तेव्हा अण्णांचा फोन आला. मागे मोटरचा आवाज चालू होता.

“चार बऱ्या निघाल्या. एक अठराव्या मिनिटाला गेली. बिल आहे ना तुझ्याकडं? पुढच्या वेळी जाताना घेऊन जा, आणि तू स्वतः बोल. तुझं ऐकतील.”